शिवडीची कबर, टेरिकॉटचा शर्ट आणि ‘सिद्ध असा’

भांडुपची_लेक | ३ नोव्हेंबर, रात्री १०:१२

सलाम मंडळी.

गेल्या महिन्यात आत्या गेली. वय ८४. दुपारी चहा मागितला, चहा येईपर्यंत गेली. तिला बाबांच्याच कबरीत ठेवायचं हे घरात आधीच ठरलेलं होतं, कारण मुंबईत नवी जागा मागायची म्हणजे काय, ते ज्यांनी मागितलीय त्यांनाच ठाऊक. बाबांना जाऊन २७ वर्षं झाली. एवढ्या काळात ती कबर उघडायची वेळ आली नव्हती.

भाऊ म्हणाला, तू गेटपाशी थांब. मी थांबले नाही. खोदणारा माणूस खाली उतरून एकेक गोष्ट वर देत होता आणि त्याचा जोडीदार पांढऱ्या कापडावर ठेवत होता. हाडं होती, ती मी गृहीत धरली होती. मग एक कॉलर आली. बाबांच्या निळसर टेरिकॉटच्या शर्टाची कॉलर आणि खाली बटणपट्टी, चार बटणं जागच्या जागी. बाबांनी आयुष्यात कधी कोट घातला नाही, म्हणून आईने त्यांना तो शर्ट घातला होता. माणूस माती झाला आणि टेरिकॉट टिकला. मला आधी हसू आलं, मग व्हायचं ते झालं.

वर आल्यावर त्या माणसाने हात झटकले आणि विचारलं, “ताई, अजून किती जण आहेत घरात?”

त्याला जागेचा अंदाज हवा होता, बाकी काही नाही. मी म्हटलं, चौघं. त्याने खड्ड्याकडे एकदा नीट बघितलं आणि म्हणाला, “होईल.”

ते “होईल” तीन आठवडे डोक्यात आहे.

आता मूळ मुद्दा. मी ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चच्या समाजात, वाढलेली. मे महिन्याच्या सुट्टीत तरुणांची शिबिरं असायची. मी बारा-तेरा वर्षांची असताना एका वक्त्याने दिवे मालवायला लावून विचारलं होतं, “आज रात्री मेलात तर कुठे जाल?” त्यानंतर कितीतरी वर्षं मी झोपताना एकच प्रार्थना तीन-चारदा म्हणायची, न जाणो पहिली पोचली नसेल तर. शाळेतून आल्यावर घर रिकामं दिसलं की छातीत धस्स व्हायचं, प्रभू येऊन सगळ्यांना घेऊन गेला आणि मी एकटी मागे राहिले. आई खाली रॉकेलच्या रांगेत असायची.

ती भीती पुढे गेली. पण भीतीबरोबर तो विषयच गेला, हे मला कबरीपाशी कळलं. बायबलात मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २४ व्या अध्यायात प्रभू येशू म्हणतो, “सिद्ध असा,” म्हणजे माझ्या येण्यासाठी तयार राहा. मी सकाळी ८:०७ ची स्लो पकडते, सव्वानऊला ऑफिसात अंगठा लावते, संध्याकाळी कुकर लावते, साडेदहाला झोपते. यात ‘सिद्ध’ कुठे बसतं? भीती वजा केली तर सिद्ध असण्यात उरतं काय? जमल्यास उपदेश नको, तुमच्या घरात काय करता ते सांगा.

---

गावठाणकर | ३ नोव्हेंबर, रात्री १०:५०

ताई, आत्यांना चिरविश्रांती मिळो. तुम्ही धागा काढलात तो दिवसही बघा, कालच २ नोव्हेंबर होता, मृतांच्या स्मरणाचा दिवस. आम्ही कॅथलिक, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईकडचे मूळचे ख्रिस्ती. काल संध्याकाळी आमचं अख्खं गावठाण कबरस्तानात होतं. आदल्या दिवशी पोरं झाडू आणि चुन्याची बादली घेऊन जातात, मग फुलं, मेणबत्त्या. लहान मुलं कबरींच्या मधून पळत असतात, त्यांना कोणी ओरडत नाही. मला वाटतं आमच्याकडे मरणाची ओळख अशीच होते, हातात मेणबत्ती आणि बोटावर मेण.

आमच्या गल्लीच्या तोंडाला कुरूस, म्हणजे क्रूस, आहे. मुंबईच्या गावठाणांतले असे बरेच कुरूस १८९६ च्या प्लेगात उभे राहिले. घरटी माणसं जात होती, चर्चपर्यंत जायची सोय नव्हती, म्हणून लोक गल्लीतच जमून प्रार्थना करायचे. आता त्याच कुरुसाला टेकून आमची पोरं मोबाईल बघत बसतात. बसू देत.

तुम्ही विचारलंत घरात काय करता. रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, करतो. रोज होत नाही, खोटं कशाला बोलू, पण होते. ‘नमो मरिया’च्या शेवटी आम्ही मागतो, आमच्यासाठी विनंती कर, आता आणि आमच्या मरणाच्या वेळी. पन्नास वेळा तेच. माझी आई ते इतक्या भरभर म्हणायची की ‘आता’ आणि ‘मरणाच्या वेळी’ हा एकच शब्द आहे असं मला लहानपणी वाटायचं.

---

चाळीतला_चार्वाक | ३ नोव्हेंबर, रात्री ११:३०

टेरिकॉटचा परिच्छेद आवडला. बाकी प्रश्नाबद्दल स्पष्ट बोलतो, राग नसावा.

हा सगळा प्रकार विम्यासारखा नाही का? रोज थोडा हप्ता भरा, मेल्यावर पॉलिसी मिळेल. आणि हप्ता चुकला तर? तुम्हाला बाराव्या वर्षी अंधारात बसवून जे केलं त्याला आमच्याकडे लहान मुलाला घाबरवणं म्हणतात. मी नास्तिक आहे. माझ्या दृष्टीने मेल्यावर तो शर्टच उरतो. त्यामुळे आजचा दिवस नीट जगा एवढं पुरेसं आहे, त्याला अनंतकाळाचं शेपूट कशाला?

---

भांडुपची_लेक | ३ नोव्हेंबर, रात्री ११:४८

राग नाही. घाबरवण्याबद्दल तुमच्याशी सहमत आहे, तो माणूस आज भेटला तर मीही त्याला तेच सांगेन.

पण “आजचा दिवस नीट जगा” हे मी रोज ठरवते आणि रोज फसते. ‘नीट’ कोणाच्या मापाने? माझ्या मापाने मोजलं तर मी नेहमीच पास असते.

---

मृण्मयी_मालाड | ४ नोव्हेंबर, सकाळी ८:२०

माझा धर्म वेगळा आहे, पण वाचतेय. आमच्या आजीने कपाटात वरच्या फळीवर एक कोरं नऊवारी, गंगाजलाची सीलबंद लोटी आणि एका डबीत हजार रुपये ठेवले होते. “माझ्या वेळी धावाधाव नको.” आम्हाला ते अभद्र वाटायचं. ती मात्र ती फळी दर दिवाळीला पुसायची आणि मग शंकरपाळे करायला बसायची. मरणाची इतकी तयारी केलेली बाई आणि घरात सगळ्यात मोठ्याने हसणारीही तीच. दोन्हीचा संबंध असावा असं आता वाटतं.

---

निवृत्त_पाळक | ४ नोव्हेंबर, सकाळी ११:०५

भांडुपच्या लेकी, सलाम. उपदेश नको म्हणालीस, पण छत्तीस वर्षांची सवय आहे, थोडा होईल. सांभाळून घे.

मत्तय २४ च्या ‘सिद्ध असा’नंतर लगेच २५ व्या अध्यायात दहा कुमारींचा दाखला, म्हणजे बोधकथा, येतो. त्या दिवे घेऊन वराची वाट बघत असतात. पाच शहाण्या, पाच मूर्ख. वराला उशीर झाला. मी स्वतः तरुण असताना त्यावर आरडाओरडा करून संदेश दिलेत, “जागे राहा, झोपलात तर दार बंद!” आणि मग एकदा, सेवेत आल्यावर वीसेक वर्षांनी, पाचवं वचन पहिल्यांदा डोळे उघडून वाचलं. सगळ्यांना डुलक्या आल्या आणि त्या झोपी गेल्या. सगळ्यांना! शहाण्याही झोपल्या. प्रभू त्यांना त्याबद्दल एक शब्द बोलत नाही. फरक एवढाच की शहाण्यांनी झोपण्याआधी तेलाची सोय केली होती, म्हणून त्यांना झोपता आलं. हाक आल्यावर त्या उठल्या, वाती नीट केल्या आणि गेल्या.

तू लहानपणी चार-चारदा प्रार्थना म्हणत जागी राहायचीस ना? त्याला सिद्ध असणं म्हणत नाहीत, बाळ. सिद्ध असलेला माणूस साडेदहाला झोपतो.

चार्वाकांच्या विम्याबद्दल. त्यांची शंका खरी आहे आणि आम्ही पाळकांनीच, म्हणजे पास्टर लोकांनीच, तिला जागा करून दिली आहे. पण योहानाचं शुभवर्तमान सार्वकालिक जीवनाबद्दल बोलतं ते मुदत संपल्यावर मिळणाऱ्या रकमेसारखं नाही. पाचव्या अध्यायात विश्वास ठेवणारा मरणातून जीवनात “पार गेला आहे” असं आहे. गेला आहे, जाईल नाही. सतराव्या अध्यायात देवाला ओळखणं हेच सार्वकालिक जीवन असं प्रभू सांगतो, आणि ओळख आज होते. तारण, म्हणजे पापातून सुटका, कृपेने मिळालंय, हप्त्याने नाही. मग रोजची तयारी कशाला? सासरी मान मिळावा म्हणून मुलगी सासरची भाषा शिकत नाही, तिथे राहायचं आहे म्हणून शिकते. तसं काहीसं.

मी शेकडो अंत्यविधी केले. शेवटच्या दिवसांत माणसं माझ्याशी स्वर्गाबद्दल फार कमी बोलली. एक निवृत्त शिक्षक तीन दिवस एकाच गोष्टीसाठी अस्वस्थ होते, शेजाऱ्याची छत्री. पावसात मागून आणली होती, द्यायची राहिली होती, मध्ये दोन्ही घरांचं भांडण झालं. शेवटी मी स्वतः ती छत्री घेऊन शेजारच्या दारात गेलो. दुसऱ्या दिवशी गुरुजी गेले. शेजारी खांदा द्यायला होता.

---

विरार_फास्ट | ४ नोव्हेंबर, दुपारी १:४०

शहाण्याही झोपल्या!! पाळककाका, चोवीस वर्षं हा दाखला ऐकतोय, हे कोणी सांगितलं नव्हतं. माझ्यासाठी तर सरळ आशीर्वाद आहे, मी चर्चमध्येही झोपतो.

माझा प्रॉब्लेम उलटा आहे. मला भीतीच वाटत नाही. रोज दारात उभा राहून बोरिवलीपर्यंत येतो, समोरून खांब जातात, आणि डोक्यात काय असतं तर रील्स. अनंतकाळ म्हटलं की पस्तिशीनंतर बघू असं वाटतं. वाईट वाटावं असं वाटतं, पण वाटत नाही.

---

वाचनवेडा | ४ नोव्हेंबर, दुपारी २:१५

यावर मार्टिन लूथरचं फार सुंदर वाक्य आहे. उद्या जगाचा अंत आहे हे कळलं तरी मी आज माझं सफरचंदाचं झाड लावीन. मला यापेक्षा चांगलं उत्तर माहीत नाही.

अवांतर: शिवडीच्या त्या दफनभूमीची जागा आधी बाग होती, अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची. १८६७ मध्ये आर्थर क्रॉफर्ड म्युनिसिपल कमिशनर असताना तिथे दफनभूमी झाली. हो, तोच क्रॉफर्ड मार्केटवाला. तिथली झाडं बघितलीत तर बाग अजून जाणवते.

---

दोन_साक्षीदार | ४ नोव्हेंबर, दुपारी ३:०२

@वाचनवेडा, वाक्य छान आहे, पण लूथरचं नाही. त्याच्या लिखाणात ते कुठेच सापडत नाही. त्याचा सगळ्यात जुना लेखी पुरावा १९४४ चा, जर्मनीतला, म्हणजे लूथर गेल्यावर जवळजवळ चारशे वर्षांनी. युद्धात कोणीतरी धीर देण्यासाठी म्हटलं असेल आणि मोठ्या नावाला चिकटलं.

आता माझा विषय. मी वकील आहे आणि मंडळीतल्या लोकांची भाबडी तयारी रोज बघतो. आत्मा सिद्ध, कागद शून्य. ज्यांनी विचारलं “घरात काय करता” त्यांच्यासाठी:

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँकेत, सोसायटीत नाव लावलं की झालं असं समजून भावंडं नंतर कोर्टात भेटतात. मृत्युपत्र करा. आपल्याला, म्हणजे भारतीय ख्रिस्ती लोकांना, १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही, पण दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. आणि हे नीट वाचा: ज्याला काही द्यायचंय त्याला किंवा त्याच्या नवऱ्या-बायकोला साक्षीदार करू नका. मृत्युपत्र टिकतं, पण त्या माणसाला दिलेलं रद्द होतं. जावयाला प्रेमाने सही करायला बसवतात आणि मुलीचा हिस्सा जातो. दुसरं, मृत्युपत्र केल्यावर लग्न केलंत तर या कायद्याखाली ते आपोआप रद्द होतं. विधुर काका लोकांनी खास लक्षात ठेवावं, मला अशा दोन केस माहीत आहेत. मृत्युपत्र नसेल आणि मुलंबाळं असतील तर विधवेला एक तृतीयांश, बाकी मुलांना. तुम्हाला तसंच हवं असेल तर झोपा निवांत.

लोक म्हणतात हे काय प्रार्थनेच्या धाग्यावर. मी म्हणतो, तेल म्हणजे हेही.

---

वाचनवेडा | ४ नोव्हेंबर, दुपारी ३:२०

चारशे वर्षांची चूक मान्य. झाड मात्र मी लावणारच.

---

तुतारी | ४ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:३३

सगळे छत्र्या आणि कागदपत्रांवर बोलत आहेत. काळाची चिन्हे कोणी बघत नाही काय? युद्धे, भूकंप, साथी, इस्राएल. सगळे पूर्ण झाले आहे. आपली ही शेवटची पिढी आहे. मी नोकरी सोडली आहे, फक्त प्रार्थना आणि वचन. बंधूंनो जागे व्हा, झोपू नका. ‘शहाण्याही झोपल्या’ हा सैतानाचा सापळा आहे.

---

निवृत्त_पाळक | ४ नोव्हेंबर, रात्री ८:१०

बंधू तुतारी, सापळा असेल तर मत्तयाने लावलाय, वचन ५ बघा.

तुमची तळमळ मला कळते. मी तिची थट्टा करणार नाही. पण मार्क १३:३२ मध्ये त्या दिवसाविषयी पित्याशिवाय कोणाला ठाऊक नाही, पुत्रालाही नाही, असं प्रभू स्वतः म्हणतो. त्याने न घेतलेली माहिती आपण यूट्यूबवरून घेऊ नये. अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी प्रभूच्या येण्याची २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली. काहींनी शेतातलं पीक तसंच उभं ठेवलं. २३ तारीख उजाडली. पीक तसंच उभं, आणि माणसं शेताच्या कडेला रडत. बायबलच्या काळात थेस्सलनीका शहरातल्या मंडळीतही लोकांनी कामं सोडली होती. प्रेषित पौलाने त्यांना दुसऱ्या पत्रात काय लिहिलं? ज्याला काम करायचं नसेल त्याने खाऊही नये. घरी कोण कमावतं आता? विचारतोय, टोमणा नाही.

आपल्याच मुंबईतलं एक सांगतो. गॉर्डन हॉल, अमेरिकन मराठी मिशनचा मिशनरी, १८१३ मध्ये इथे उतरला. तेरा वर्षं मराठी शिकणं, शाळा काढणं, बायबलच्या नव्या कराराचं भाषांतर करणं. मार्च १८२६ मध्ये नाशिककडे दौऱ्यावर असताना पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ होती. तो औषधं वाटत फिरला आणि त्यालाच पटकी झाली. काही तासांत खेळ संपला, वय ४१. त्याच वर्षी मराठी नवा करार छापून आला. त्याला कोणी विचारलं असतं की प्रभू आज रात्री आला तर, तर मला वाटतं तो म्हणाला असता, येऊ दे, मी खेड्यात औषध वाटतोय.

---

भांडुपची_लेक | ४ नोव्हेंबर, रात्री ९:००

यावरून मला पंडिता रमाबाई आठवल्या. मुलगी मनोरमा जुलै १९२१ मध्ये गेली, एकुलती एक. रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. मधले नऊ महिने केडगावला त्या बायबलच्या मराठी भाषांतराचं काम पुरं करत होत्या. मी त्या नऊ महिन्यांचा फार विचार करते. अंग मोडलेलं, ऐकू येत नव्हतं, पोटची पोर गेलेली, आणि समोर शब्द. हा कुठला शब्द योग्य, तो कुठला. स्वर्गाकडे डोळे लावून बसल्या असत्या तरी कोणी नावं ठेवली नसती.

---

रात्रपाळी | ५ नोव्हेंबर, पहाटे ४:१५

ड्युटीवरून लिहितेय, तुटक असेल. मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या आयसीयूत सिस्टर आहे, एकोणीस वर्षं.

वर कोणीतरी ‘पस्तिशीनंतर बघू’ लिहिलंय. बरेच जण ‘शेवटच्या क्षणी बघू’ म्हणतात. येशूच्या शेजारी वधस्तंभावर असलेल्या चोराचं उदाहरण देतात, शेवटच्या क्षणी मागितलं आणि मिळालं. मिळालं, खरं आहे. पण त्या चोराला शुद्ध होती आणि तोंड मोकळं होतं. माझ्या वॉर्डात शेवटच्या क्षणी तोंडात नळी असते. झोपेचं इंजेक्शन चालू असतं, हात बांधलेले असतात, नळी ओढू नये म्हणून. सिनेमासारखं शेवटचं वाक्य मी एकोणीस वर्षांत मोजून पाच-सहा वेळा ऐकलं असेल. त्यातलं एक “पंखा कमी कर” होतं.

बाहेर मुलगा उभा असतो. मला विचारतो, “सिस्टर, त्यांना ऐकू येतं का?” मी म्हणते, बोला, येत असेल. तो कानाशी वाकतो आणि वीस वर्षांचं बोलायला जातो, आणि मॉनिटरची बीप ऐकून गप्प होतो. मग म्हणतो, “बाबा, मी आलोय.” बस्स.

म्हणून माझी तयारी एवढीच. ड्युटीला निघताना घरात भांडण झालं असेल तर मी चपला घालून परत आत जाते. मिटत नाही नेहमी. पण दार आपटून जात नाही. बायबलच्या इफिसकरांस पत्रात सूर्य मावळण्याआधी राग सोडा म्हटलंय, माझा सूर्य रात्री साडेआठला मावळतो.

बेड ४ चा अलार्म. जाते.

---

गावठाणकर | ५ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

सिस्टर, तुम्हाला सलाम.

तेलावरून एक राहिलं. आमच्यात पूर्वी फादर तेल लावायला आले की घरात रडारड सुरू व्हायची, कारण ते मरणाऱ्याला लावायचं ‘शेवटचं तेल’. माझ्या आजोबांनी फादरांना दारातूनच परत पाठवलं होतं, “मी अजून आहे.” आणि मग पुढे अकरा वर्षं होते. १९७२ पासून चर्चने त्या विधीचं स्वरूप बदललंय, आता तो कुठल्याही गंभीर आजाऱ्यासाठीचा अभ्यंग, म्हणजे प्रार्थनेसह तेल लावणं, आहे, ऑपरेशनच्या आधीही घेता येतो. पण गावठाणात अजून लोक शेवटपर्यंत थांबतात. बोलावलं तर मरण येईल ही भीती. मी मागच्या वर्षी बायपासच्या आधी घेतलं. बायको म्हणाली, “लोक काय म्हणतील?” लोक म्हणाले, “चहा आहे का?”

---

चाळीतला_चार्वाक | ५ नोव्हेंबर, सकाळी १०:१०

सिस्टरच्या प्रतिसादानंतर विम्याचं वाक्य मागे घेतो. नास्तिक अजून आहेच. पण चपला घालून परत आत जाणं हे मला शिकायचंय, त्याला देव लागत नसावा अशी आशा आहे.

---

भांडुपची_लेक | ५ नोव्हेंबर, रात्री १०:४०

सिस्टरचं सकाळी गाडीत वाचलं. दिवसभर कामात लक्ष नव्हतं. आता लिहूनच टाकते. हे मी मूळ धाग्यात लिहायचं टाळलं होतं.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला तो दिवस. मी ऑफिसातून निघून कुर्ल्याच्या पुढे अडकले, बेस्टच्या डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर, रात्रभर. खालच्या मजल्यात पाणी शिरलं होतं. वर आम्ही चाळीसेक जण आणि पार्लेजीचे दोन पुडे. मोबाईल मेलेले. पहाटे तीनच्या सुमाराला बस हलल्यासारखी वाटली आणि एक बाई मोठ्याने रडायला लागली. त्या क्षणी मला खरंच वाटलं की हे असंच संपणार.

लहानपणी ज्या प्रश्नाला मी एवढी घाबरायचे, “आज रात्री मेलीस तर कुठे जाशील”, तो प्रश्न आलाच नाही. आश्चर्य वाटलं मला. प्रभूबद्दल शंका नव्हती, एक प्रकारची शांतता होती म्हणा. डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. सकाळी निघताना मी सासूबाईंना बोलले होते. डब्यात त्यांनी पुन्हा सुकट दिली होती, ऑफिसात वास येतो म्हणून मी नको म्हटलं होतं, आणि मी म्हटलं, “तुम्हाला सांगून उपयोग नाही, तुमची अक्कलच तेवढी.” त्यांनी काही उत्तर दिलं नाही. डबा पिशवीत ठेवला आणि पिशवीचं तोंड नीट बांधलं, सांडू नये म्हणून.

तो डबा बसमध्ये माझ्या मांडीवर होता. पहाटे मी आणि शेजारच्या दोन मुलींनी त्यातली सुकट-भाकरी खाल्ली. बसमध्ये वास आला असेल. कोणी काही म्हटलं नाही.

मी तिथेच ठरवलं, घरी पोचले की आधी त्यांची माफी मागायची. दुसऱ्या दिवशी दुपारी चालत पोचले. त्या दारात उभ्या होत्या. मला बघून रडल्या, गरम पाणी काढलं, अंगाला तेल लावून दिलं. आणि मी काही बोलले नाही. दमले होते. मग उद्या म्हटलं. पाणी ओसरलं, माफीही ओसरली. त्या २०११ मध्ये गेल्या. सहा वर्षं एका घरात होतो, रोज रात्री एकत्र प्रार्थना करत होतो, आणि “आमच्या अपराधांची आम्हाला क्षमा कर” मी त्यांच्या शेजारी बसून म्हणत होते.

पाळकसाहेब, मला झोप येते. शांत येते. पण हे आहे.

---

निवृत्त_पाळक | ५ नोव्हेंबर, रात्री ११:२५

लेकी, थांबलो होतो, काय लिहावं कळेना.

देवाने तुला क्षमा केली आहे यात मला तिळमात्र संशय नाही, हे पाळक म्हणून सांगतो. तेल लावून देणाऱ्या बाईनेही केली होती असं वाटतं, हे नुसता म्हातारा माणूस म्हणून सांगतो. पण तू मागायची राहिलीस, ते तसंच आहे, त्यावर मी गोड पांघरूण घालणार नाही. स्तोत्र ९० मध्ये मोशे मागतो की आम्हाला आमचे दिवस गणायला शिकव. आपण वर्षं मोजतो, तो दिवस म्हणतो. तुझ्या सहा वर्षांत दोन हजारांवर दिवस होते. हे तुला टोचायला सांगत नाही. आत्ता कोणाची छत्री घरात आहे का, तेवढं बघ.

---

रात्रपाळी | ६ नोव्हेंबर, सकाळी ९:०५

ताई ❤️ पिशवीचं तोंड नीट बांधलं हे वाचून मी लॉकर रूममध्ये बसून राहिले.

---

विरार_फास्ट | ६ नोव्हेंबर, सकाळी ९:५०

आज आईने डब्यात भेंडी दिली. भेंडीबद्दल माझं मत घरात सगळ्यांना माहीत आहे. काही बोललो नाही. आई म्हणाली, “बरं नाही का तुला?”

---

तुतारी | ६ नोव्हेंबर, दुपारी १२:४०

पाळकसाहेबांनी विचारले होते म्हणून उत्तर देतो. घरी पत्नी कमावते. शिवणकाम.

---

निवृत्त_पाळक | ६ नोव्हेंबर, दुपारी १:१५

बंधू, तुम्हाला वेगळा निरोप पाठवलाय. सवडीने बोलू. मी कुठे घाईत आहे.

---

भांडुपची_लेक | ९ नोव्हेंबर, रात्री ८:३०

सगळ्यांचे आभार. थोडक्यात सांगते आणि धाग्यावरून उठते, कुकर लावायचाय.

सासूबाई नाहीत, पण त्यांची मुलगी आहे, माझी नणंद. सासूबाई गेल्यावर त्यांच्या पाटल्यांवरून आमचं बिनसलं, तेव्हापासून फक्त नाताळला मेसेज. शुक्रवारी फोन केला. सुकटीचं सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मला माहीत होतं. आईने त्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणाली, पोर पावसात अडकलीय आणि डब्यात तेच आहे, खाईल की नाही.”

पाटल्यांचं मिटलेलं नाही. तिला माझं अजूनही पटत नाही आणि मला तिचं. पण रविवारी उपासनेनंतर ती येणार आहे, बोंबील घेऊन. @दोन_साक्षीदार, मृत्युपत्राचा तो मजकूर पाठवा, मी आणि नवरा दोघंही करतोय. साक्षीदार शेजारचे, जावई नाही.

आत्याच्या कबरीवर अजून दगड बसवायचाय. शनिवारी शिवडीला जाईन म्हणते. नावं दोन लिहायची, खाली चौघांपुरती जागा मोकळी ठेवायला सांगणार आहे.

---

गावठाणकर | ९ नोव्हेंबर, रात्री ८:४४

ताई, दगडवाला आधी पूर्ण पैसे मागेल, अर्धेच द्या. शनिवारी मी दादरला फुलं घ्यायला जाणारच आहे, तुमच्यासाठी झेंडू आणू की शेवंती?

---

भांडुपची_लेक | ९ नोव्हेंबर, रात्री ८:५१

शेवंती. आत्याला झेंडूची शिंक यायची.